लॉगरिदमीय, घातांकी व व्यस्त त्रिकोणमितीय राशींचे सरळ रूप

दिलेल्या गणिती राशीचे मूल्य न बदलता तिला अधिक आटोपशीर आणि आकडेमोडीस सोयीचे रूप देणे, यास त्या राशीस सरळ रूप देणे असे म्हणतात. लॉगरिदमीय, घातांकी आणि व्यस्त त्रिकोणमितीय राशींच्या बाबतीत ही क्रिया मुख्यतः एका तत्त्वावर आधारलेली असते: एखादे फलन आणि त्याचे व्यस्त फलन लागोपाठ वापरल्यास ती परस्परांना रद्द करतात. मात्र हे रद्द होणे ठरावीक प्रांतापुरतेच खरे असते. पाठ्यपुस्तकांतील सूत्रे पाठ असूनही विद्यार्थ्यांची उत्तरे चुकतात, ती बहुधा सूत्र विसरल्यामुळे नव्हे, तर सूत्राची अट विसरल्यामुळे.

या लेखात घातासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे, उदा. १०^३ = १०००. ‘लॉग’ असे नुसते लिहिले असता पाया १० समजावा. अन्य पाया असल्यास तो लॉग_२, लॉग_ई याप्रमाणे दर्शविला आहे. ‘ई’ म्हणजे नैसर्गिक लॉगरिदमचा पाया होय; त्याची किंमत सुमारे २.७१८२८ आहे.

== व्यस्त फलन आणि प्रांत ==

फलन एकास एक असेल, म्हणजे दोन भिन्न संख्यांना ते कधीही एकच मूल्य देत नसेल, तरच त्याचे व्यस्त फलन अस्तित्वात असते. १०^क्ष हे फलन एकास एक आहे. क्ष वाढला की मूल्यही वाढते आणि मूल्य नेहमी धन असते. म्हणून त्याचे व्यस्त फलन, म्हणजे लॉग, केवळ धन संख्यांसाठी अर्थपूर्ण ठरते. यावरून दोन समानता मिळतात:

लॉग(१०^क्ष) = क्ष, क्ष ही कोणतीही वास्तव संख्या;
१०^(लॉग क्ष) = क्ष, क्ष धन असतानाच.

साइन, कोसाइन आणि टॅन या फलनांची स्थिती वेगळी आहे. ती आवर्ती असल्यामुळे एकच मूल्य असंख्य कोनांना मिळते. ३० अंश, १५० अंश आणि ३९० अंश या तिन्ही कोनांचे साइन १/२ आहे. त्यामुळे व्यस्त फलन घेण्यापूर्वी मूळ फलनाचा प्रांत मर्यादित करावा लागतो. संकेतानुसार व्यस्त साइनचे मूल्य −९० ते ९० अंश, व्यस्त कोसाइनचे ० ते १८० अंश आणि व्यस्त टॅनचे −९० व ९० अंशांच्या दरम्यान (दोन्ही टोके वगळून) घेतात. या मूल्यास मुख्य किंमत असे म्हणतात. लॉगच्या बाबतीत प्रांताची मर्यादा फलनाच्या स्वभावातच असते. येथे ती माणसाने ठरवलेली असते, आणि म्हणून ती लक्षात ठेवावी लागते.

== लॉगरिदमीय राशी ==

अ, ब धन असल्यास पुढील नियम लागू होतात:

लॉग(अ × ब) = लॉग अ + लॉग ब
लॉग(अ ÷ ब) = लॉग अ − लॉग ब
लॉग(अ^न) = न × लॉग अ
लॉग_क(अ) = लॉग अ ÷ लॉग क (क धन, १ नव्हे)

हे चारही नियम घातांकांच्या नियमांचीच दुसरी बाजू आहेत. त्यांच्या साहाय्याने लांबलचक राशीही एका पदात मावते. उदाहरणार्थ,

लॉग(४५/२८) + २ लॉग(१४/३) − लॉग(७/२)

या राशीत दुसरे पद लॉग(१९६/९) होते. ४५/२८ ला १९६/९ ने गुणल्यास ३५ येतात. त्यास ७/२ ने भागल्यास १० उरतात. म्हणून राशीची किंमत लॉग १०, म्हणजे १ आहे. येथे एकाही लॉगची किंमत काढावी लागली नाही.

बेरजेच्या लॉगसाठी असा नियम नाही. लॉग(अ + ब) चे लॉग अ आणि लॉग ब यांत विभाजन होत नाही. तसेच लॉग ८ ÷ लॉग ४ म्हणजे लॉग २ नव्हे. अंश ३ लॉग २ आणि छेद २ लॉग २ असल्याने भागाकार ३/२ येतो. भागाकाराचा लॉग आणि लॉगांचा भागाकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या नियमातील अट सर्वांत सहज निसटते. लॉग(क्ष^२) ही राशी शून्य सोडून प्रत्येक वास्तव संख्येसाठी अर्थपूर्ण आहे, तर २ लॉग क्ष ही केवळ धन संख्यांसाठी. क्ष = −१० घेतल्यास पहिली राशी लॉग १०० = २ येते, दुसरीला वास्तव संख्यांत अर्थच राहत नाही. बिनचूक सरळ रूप २ लॉग|क्ष| असे आहे. हीच चूक उलट दिशेने समीकरणांत आढळते. लॉग क्ष + लॉग(क्ष − ३) = १ या समीकरणातील पदे एकत्र केल्यास क्ष^२ − ३क्ष − १० = ० हे वर्गसमीकरण मिळते व त्याची उत्तरे ५ आणि −२ येतात. −२ हे वर्गसमीकरणाचे उत्तर आहे. मूळ समीकरणाचे नाही. पदे एकत्र करताना राशीचा प्रांत विस्तारला आणि त्यातून एक परके उत्तर आत आले.

== सर्वेक्षणातील लॉगरिदम: पुसद–दिग्रस भागातून गेलेला चाप ==

लॉगरिदमचा जन्मच त्रिकोणमितीच्या आकडेमोडीतून झाला. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेले पहिले कोष्टक साध्या संख्यांच्या लॉगचे नव्हते. ते साइनांच्या लॉगचे होते. १० हा पाया घेऊन १४ दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये प्रसिद्ध केली.

भारतात या साधनाचा सर्वांत मोठा वापर महा त्रिकोणमितीय सर्वेक्षणात झाला. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून या कामास आरंभ केला. देशाच्या दक्षिणोत्तर अक्षावर त्रिकोणांची जी साखळी उभारली गेली ती ‘ग्रेट आर्क’ या नावाने ओळखली जाते. लॅम्टन यांचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे, म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यास लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात झाले. त्यांची कबर तेथेच आहे. त्यांचे सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले आणि १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे उत्तर अक्षांशांदरम्यानच्या चापाचे वृत्त १८३० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हा चाप सुमारे ७७ अंश ४० मिनिटे पूर्व रेखांशाजवळून जातो. पुसद आणि दिग्रस ही यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातील गावे या रेखांशाच्या दोन बाजूंना आहेत. आज पाठ्यपुस्तकात अमूर्त वाटणारे हे गणित दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखाच्या मोजणीसाठी वापरले जात होते.

अशा साखळीत प्रत्यक्ष लांबी अगदी थोड्या ठिकाणी मोजली जाते. बाकी सर्वत्र केवळ कोन मोजतात आणि साइनच्या नियमाने बाजू काढतात. लॉग घेतल्यावर हा नियम असा होतो:

लॉग ब = लॉग अ + लॉग(साइन बी) − लॉग(साइन ए)

येथे अ, ब या बाजू असून ए, बी हे त्यांच्या समोरील कोन आहेत. समजा, अ = २४ किलोमीटर, ए = ५८ अंश व बी = ६५ अंश (हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत). लॉग २४ = १.३८०२, लॉग(साइन ६५°) = −०.०४२७ आणि लॉग(साइन ५८°) = −०.०७१६. यावरून लॉग ब = १.४०९१ आणि प्रतिलॉग पाहून ब = २५.६५ किलोमीटर. एक गुणाकार आणि एक भागाकार यांची जागा एका बेरजेने व एका वजाबाकीने घेतली. सात-आठ अंकी संख्या आणि शेकडो त्रिकोण असताना ही बचत किती मोठी असेल, याची कल्पना यावरून करता येते. साइनचे लॉग ऋण असल्याने कोष्टकांत त्यांत १० मिळवून ते छापण्याची पद्धत होती, वरील −०.०४२७ च्या जागी ९.९५७३ असे दिसे.

पृथ्वी गोल असल्यामुळे अशा त्रिकोणातील कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. वरील आकाराच्या त्रिकोणात हे आधिक्य सुमारे १.३ सेकंद असते. त्याचा एक-तृतीयांश प्रत्येक कोनातून वजा करून पुढे सपाट त्रिकोणाचे सूत्र वापरता येते, हे लजांद्र यांचे प्रमेय सरळ रूपाचेच एक उदाहरण आहे. फरक एवढाच की येथील समानता काटेकोर नसून जवळपासची आहे आणि त्रिकोण लहान असेपर्यंतच ती चालते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या परीक्षांत गणकयंत्रास मनाई असून लॉग कोष्टक वापरण्यास मुभा आहे. त्यामुळे पूर्णांश, अपूर्णांश व प्रतिलॉग या संज्ञा येथील विद्यार्थ्यांच्या नित्य वापरात राहिल्या आहेत.

== घातांकी राशी ==

घातांकी राशींत सामाईक घात बाहेर काढणे ही मुख्य युक्ती होय. (३^(न+२) − ३^न) ÷ (३^(न+१) + ३^न) या राशीतून ३^न काढून टाकल्यास ८ ÷ ४ = २ उरते; उत्तर न वर अवलंबून नाही. (ई^(२क्ष) − १) ÷ (ई^क्ष + १) याचे सरळ रूप ई^क्ष − १ आहे आणि छेद कधीच शून्य होत नसल्याने त्यास कोणतीही अट लागत नाही. छेदात अधिकऐवजी वजा चिन्ह असल्यास उत्तर ई^क्ष + १ येते, पण क्ष शून्य नसावा ही अट सोबत लिहावी लागते.

(अ^म)^न = अ^(मन) हा नियम अ धन असताना निर्धोक आहे. अ ऋण असल्यास तो फसवू शकतो. −८ चा वर्ग ६४ आणि त्याचे सहावे मूळ २. घातांकांचा गुणाकार आधी केल्यास १/३ येतो आणि −८ चे घनमूळ −२ आहे. दोन उत्तरांतील चिन्ह बदलले, कारण वर्ग करताना मूळ चिन्हाची माहिती नष्ट झाली होती.

अज्ञात संख्या घातांकात असेल तेव्हा लॉग घेऊन ती खाली आणतात. दरमहा शेकडा ३ दराने घेतलेले कर्ज चक्रवाढीने किती महिन्यांत दुप्पट होईल, या प्रश्नाचे समीकरण १.०३^न = २ असे होते. म्हणून न = लॉग २ ÷ लॉग १.०३ = ०.३०१० ÷ ०.०१२८, म्हणजे सुमारे साडेतेवीस. चोविसाव्या महिन्याअखेर कर्ज दुपटीच्या पुढे गेलेले असते. सरळव्याजाने त्यास ३३ महिने आणि १० दिवस लागले असते. ‘शेकडा तीन’ हा आकडा बोलताना लहान वाटतो; घातांकात गेल्यावर तो लहान राहत नाही.

== व्यस्त त्रिकोणमितीय राशी ==

साइन(व्यस्त साइन क्ष) = क्ष हे −१ ते १ या प्रांतात नेहमी खरे असते. उलट क्रमाने घेतलेले व्यस्त साइन(साइन क्ष) मात्र क्ष हा −९० ते ९० अंशांत असेल तरच क्ष एवढे येते. व्यस्त साइन(साइन १५०°) याचे उत्तर १५० नव्हे, ३० अंश आहे. या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ या एका उदाहरणात सापडते.

याचा व्यावहारिक परिणाम त्रिकोण सोडवताना दिसतो. एका त्रिकोणात २० एककांच्या बाजूसमोर ३० अंशांचा कोन असून दुसरी बाजू ३२ एकके आहे असे मानू. साइनच्या नियमाने दुसऱ्या बाजूसमोरील कोनाचे साइन ०.८ येते. कोष्टक किंवा गणकयंत्र ५३ अंश ८ मिनिटे हे उत्तर देईल; परंतु १२६ अंश ५२ मिनिटे हा कोनही दिलेल्या मापांत बसतो. दोन्ही त्रिकोण खरे आहेत. मुख्य किंमत हा गणिताचा संकेत आहे. जमिनीवरचा त्रिकोण तो पाळेलच असे नाही. तिन्ही कोन प्रत्यक्ष मोजण्याची सर्वेक्षकांची रीत या संदिग्धतेपासून मुक्त असते.

=== लीलावतीतील चाप काढण्याची रीत ===

जीवेवरून चाप काढणे, म्हणजे आजच्या भाषेत व्यस्त साइन काढणे, हा भारतीय ज्योतिर्गणितातील जुना प्रश्न आहे. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीचा लीलावती हा भाग असून त्यात जीवा व चाप यांची परस्परांवरून किंमत काढण्याचे स्थूल नियम दिले आहेत. भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. वर्तुळाचा परीघ प, व्यास व आणि जीवा ज मानल्यास चापाचा नियम आधुनिक चिन्हांत असा लिहिता येतो:

चाप = प/२ − √( प^२/४ − ५ × ज × प^२ ÷ (४ × (४व + ज)) )

जीवा त्रिज्येएवढी, म्हणजे व्यासाच्या निम्मी घेतल्यास वर्गमुळाखाली प^२/४ − ५प^२/३६ = प^२/९ उरते आणि चाप प/२ − प/३ = प/६ येतो. हे उत्तर स्थूल नसून अगदी तंतोतंत आहे, कारण वर्तुळात बसवलेल्या नियमित षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. वर्गमुळापूर्वी अधिक चिन्ह घेतले असते तर ५प/६, म्हणजे त्याच जीवेने तोडलेला मोठा चाप मिळाला असता. नियमात वजा चिन्ह निवडलेले आहे. अर्ध्या परिघापर्यंतचाच चाप घ्यायचा, हा त्याचा अर्थ, आणि तत्त्वतः ही मुख्य किमतीचीच निवड होय.

=== प्रतिष्ठापना ===

वर्गमुळे असलेल्या राशीत क्ष च्या जागी योग्य त्रिकोणमितीय फलन ठेवल्यास वर्गमूळ नाहीसे होते. √(१ − क्ष^२) दिसल्यास क्ष = साइन अ, √(१ + क्ष^२) दिसल्यास क्ष = टॅन अ असे घेतात. व्यस्त टॅन((√(१ + क्ष^२) − १) ÷ क्ष) या राशीत क्ष = टॅन अ ठेवल्यास कंसातील भाग (१ − कोसाइन अ) ÷ साइन अ, म्हणजेच टॅन(अ/२) होतो. अ हा −९० व ९० अंशांच्या दरम्यान असल्याने अ/२ मुख्य किमतीच्या पट्ट्यातच राहतो आणि उत्तर व्यस्त टॅन क्ष च्या निम्मे येते. क्ष शून्य नसावा एवढीच अट.

सर्वच ठिकाणी असे सुखासुखी घडत नाही. व्यस्त साइन(२क्ष√(१ − क्ष^२)) = २ व्यस्त साइन क्ष हे सूत्र क्ष ची निरपेक्ष किंमत १/√२ पेक्षा अधिक नसेल तेव्हाच खरे असते. क्ष = √३/२ घेतल्यास डावी बाजू ६० अंश आणि उजवी १२० अंश येते. अ दुप्पट केल्याने तो पट्ट्याबाहेर गेला, एवढेच कारण.

=== व्यस्त टॅनची बेरीज ===

व्यस्त टॅन क्ष + व्यस्त टॅन य = व्यस्त टॅन((क्ष + य) ÷ (१ − क्षय)) हे सूत्र क्ष व य यांचा गुणाकार १ पेक्षा कमी असतानाच जसेच्या तसे वापरता येते. गुणाकार १ पेक्षा अधिक असून दोन्ही संख्या धन असल्यास उजव्या बाजूस १८० अंश मिळवावे लागतात. दोन्ही ऋण असल्यास वजा करावे लागतात. व्यस्त टॅन २ + व्यस्त टॅन ३ या राशीत नुसते सूत्र व्यस्त टॅन(−१), म्हणजे −४५ अंश देते. दोन धन कोनांची बेरीज ऋण येणे अशक्य आहे; खरे उत्तर १३५ अंश आहे. त्यात व्यस्त टॅन १, म्हणजे ४५ अंश मिळवले की १, २ आणि ३ यांच्या व्यस्त टॅनची बेरीज बरोबर १८० अंश भरते. अट लक्षात नसली तरी उत्तराचे चिन्ह आणि अंदाजे आकार ताडून पाहण्याची सवय अशा चुका पकडते.

याच सूत्राने जॉन मेशिन यांचे १७०६ मधील समीकरण पडताळता येते:

४ व्यस्त टॅन(१/५) − व्यस्त टॅन(१/२३९) = ४५ अंश

१/५ हे टॅन असलेल्या कोनाच्या दुपटीचे टॅन ५/१२ आणि चौपटीचे १२०/११९ आहे. त्यातून १/२३९ चा कोन वजा करताना अंश आणि छेद दोन्ही २८५६१ येतात व भागाकार १ होतो. या समीकरणास व्यस्त टॅनच्या अनंत श्रेणीची जोड देऊन मेशिन यांनी ‘पाय’ची किंमत १०० दशांश स्थळांपर्यंत काढली. ही श्रेणी केरळातील माधव यांच्या परंपरेत यापूर्वीच ज्ञात होती.

== संगणकावरील आकडेमोड ==

बीजगणिताच्या दृष्टीने समान असलेली दोन रूपे प्रत्यक्ष आकडेमोडीत समान ठरतातच असे नाही. लॉग_ई(√(क्ष^२ + १) − क्ष) आणि −लॉग_ई(√(क्ष^२ + १) + क्ष) या राशी प्रत्येक वास्तव क्ष साठी समान आहेत, कारण दोन्ही कंसांचा गुणाकार १ येतो. क्ष = १००० घेऊन सात सार्थ अंकांपर्यंत गणित केल्यास वर्गमूळ १०००.००० एवढेच उरते, पहिल्या राशीतील वजाबाकी शून्य होते आणि शून्याचा लॉग अस्तित्वात नसल्याने काम तेथेच थांबते. दुसरे रूप त्याच सात अंकांत −७.६००९ हे योग्य उत्तर देते.